पाचव्या दिवसाचं धुणं

आयाकुचोच्या सभागृहात दरवर्षी, ज्यांची माणसं सैनिकांनी नेली आणि परत आलीच नाहीत, त्या आमच्या बायका शाळकरी पोरांना आपापली कहाणी सांगतात. पोरं जांभया देतात, शिक्षक घड्याळ बघतात आणि मला सगळ्यांनाच बदडावंसं वाटतं. मी जाते ती फक्त फेलिसितास मावशीला धरून न्यायला.

यंदाही मावशीच्या मांडीवर तिच्या मुलाचा, रुफिनोचा, स्वेटर होता. सैनिकांनी त्याला भरल्या ताटावरून उचललं तेव्हा हा स्वेटर खुंटीवरच राहिला. आमच्याकडे माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुतात, मग तो आपल्या वाटेला लागतो. मावशीने स्वेटर कधीच धुतला नाही. धुणं म्हणजे पोरगा मेला हे कबूल करणं. चाळीसेक वर्षं झाली, तिने कबूल केलेलं नाही.

"आता त्याला हा घट्टच होईल," ती पोरांना म्हणाली. "बाळांनो, डाव्या भुवईवर व्रण असलेला म्हातारा कुठे दिसला, तर सांगा त्याला, आई अजून जिवंत आहे."

मागे खुर्ची सरकली. मेलितोन उभा राहिला. हा बाजारात मावशीच्या समोर बसून कांदे विकतो. दोघं रोज एकमेकांच्या मालाला नावं ठेवतात. त्यालाही तेव्हा सैनिकांच्या छावणीत कोंडलं होतं हे गावाला ठाऊक होतं, पण त्यावर तो कधी चकार शब्द बोलला नव्हता.

"फेलिसितास, नको शोधायला सांगूस," तो म्हणाला. "तो माझ्या शेजारीच होता. तिसऱ्या रात्री गेला. माझ्या मांडीवर."

मावशी चक्क हसली. "म्हाताऱ्या, कांद्यांबरोबर तुझं डोकंही सडलं."

"तो व्रण खेचराच्या लाथेचा. तू त्यावर कोकाची पानं चावून बांधली होतीस. त्यानेच सांगितलं मला."

व्रण कशाचा, हे मावशी कधी कुणाला सांगत नाही.

"मुडद्या! इतकी वर्षं माझ्यासमोर बसून कांद्याचे भाव करत होतास?"

"तू कपडे धुतले नव्हतेस," मेलितोन म्हणाला. "आई म्हणते जिवंत आहे, तर त्याला मारणारा मी कोण? आज धुशील, उद्या धुशील, मग बोलेन म्हणत राहिलो."

त्याचं थोबाड फोडावं असं मला वाटलं. पण आमच्या गावात दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं.

मावशी काठी टेकत त्याच्यापाशी गेली. मला वाटलं, आता हाणतेच.

"डोळे उघडे राहिले का रे त्याचे?"

"नाही. मी मिटले."

"कुठल्या हाताने?"

मेलितोनने उजवा हात पुढे केला. नखांत माती होती. मावशीने तो दोन्ही हातांत धरला, गालाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. शिक्षकांनी घाईने माईक पुढच्या बाईला दिला, तिने तो खाली ठेवला. मी मावशीला खुर्चीकडे आणायला गेले, तर ती तो हात न सोडता म्हणाली,

"थांब गं. माझा रुफिनो एवढाच उरलाय."