माझ्या आड येणारी माणसे

मित्रांनो, मी एक जुना यंत्रहात आहे. नुसता हात. डोके शेजारच्या पेटीत आहे, पण तेही बेताचेच.

माझी उमेदीची वर्षे मोटारींची दारे जोडण्यात गेली. पुढे नवे हात आले आणि कारखान्याने मला विकून टाकले. धुळ्याच्या प्रेमराज इंजिनिअरने मला घेतले, मनगटाला जाड नळी बांधली आणि साक्रीजवळच्या एका खेड्यात यशोदाअक्कांच्या अंगणात उभे केले. माती, भुसा आणि शेण कालवून केलेला गारा नळीतून पिळायचा, थरावर थर चढवायचा आणि अक्कांना खोली बांधून द्यायची, असे माझे नवे काम.

"नाही जमलं तर हा भंगारात," प्रेमराज माझ्यासमोरच म्हणाला. मला ऐकू येत नाही, असा त्याचा समज आहे.

मला एक खोड आहे. माणूस जवळ आला की मी जागीच थांबतो. कुणाला इजा होऊ नये म्हणून कारखान्याने तसे शिकवले होते. तिथे कुणी फिरकत नसे. इथे सारा गाव लोटला. एक थर घालतो न घालतो तोच कुणीतरी वाकून बघे आणि माझे काम अडे.

"भाऊ, हाई मशीन लाजस!" अक्का म्हणाल्या. "माणूस दिखना का थांबी जास. नवी नवरी शे का?"

"मंग तिले पदर द्या ना, अक्का!" शेजारचे सुपडूनाना म्हणाले.

प्रेमराज वैतागला. एका कोपऱ्यातच दिवस गेला होता. दुसऱ्या दिवशी गाव साक्रीच्या बाजाराला गेले, तेव्हा त्याने मला मोकळे सोडले. मी एकदाही न थांबता पुढची भिंत छातीभर चढवली. आयुष्यात प्रथमच मला स्वतःबद्दल बरे वाटले. तेवढ्यात भिंतीचे पोट सुटले आणि ती पोटभर जेवलेल्या माणसासारखी खाली बसली.

मला न्यायला टेम्पो बोलवावा म्हणून प्रेमराजने फोन लावला आणि हताश होऊन आदल्या दिवशीच्या कोपऱ्याला टेकला. कोपरा हलला नाही. त्याने ढकलून पाहिले, तरी नाही. लोक मला अडवत होते, तेवढ्या वेळात प्रत्येक थर सुकून आवळून येत होता! त्याने फोन बंद केला.

बाजारातून परतलेल्या अक्कांना तो म्हणाला, "उद्यापासून सगळ्यांना बोलवा. बघत बसा."

"बलावसू," अक्का म्हणाल्या. "पन बठ्ठासना च्या कोन करी?"

चहा प्रेमराजने केला. खोली उभी राहिली.

तेव्हा मित्रांनो, मी बांधत असेन तिथे जरूर या. माझ्या आड या, गप्पा मारा, माझी मातीही तेवढी सुकेल. पण थर सुकला की थोडे बाजूला व्हा आणि मलाही काम करू द्या. भंगाराची भीती मला अजून वाटते.