आप्पांची फेरी

तिसऱ्यांदा! एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं. गोमटेशनं बॉनेट असं आपटलं की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली.

"खावा! खावा, मुडद्यांनो! आता इंजिनबी खावा!"

"आवं, हळू," स्वयंपाकघरातनं त्याची बायको शालन ओरडली. "आप्पा जपाला बसल्यात."

आप्पा जपाला बसल्यात म्हणे. इथं बापासाठीच तर जीव काढायचं चाललं होतं, आणि बापाच्या जपासाठी तोंडातनं ब्र काढायची सोय नव्हती. गोमटेश पाना फेकून उपड्या बादलीवर बसला.

आष्ट्याजवळच्या त्या गावात गोमटेश पाटलाचा सहा एकर ऊस होता, दारात नवी मोठी गाडी होती, सगळं कसं बरं चाललं होतं. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात किडा शिरला. शेडमध्ये ताडपत्रीखाली नऊ वर्षं झोपलेली आप्पांची पांढरी मारुती आठशे आपल्या हातानं उभी करायची. ना गॅरेज, ना मेकॅनिक. मोबाइलवर बघायचं आणि खोलायचं. कार्बोरेटर चार वेळा खोलला, पाचव्या वेळी लावला तेव्हा एक स्प्रिंग हातात उरली. ती कुठली हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. उजव्या ब्रेकच्या सिलिंडरसाठी सांगलीच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा डावा मिळाला, दुसऱ्यांदा पण डावाच. गावात लोक विचारायचे, "काय गोमटेश, कुठवर आलं?" आणि तो दात खाऊन सांगायचा, "आलंच की."

ही गाडी आप्पांनी चौऱ्याण्णव साली घेतलेली. गल्लीतली पहिली. आप्पा, म्हणजे रायगोंडा पाटील, पांढरं धोतर सावरत स्टेअरिंगला बसले की पोरं मागं धावायची. दर पौर्णिमेला बाहुबलीच्या डोंगराला जाऊन यायचे. मग डोळे अधू झाले, एकदा दुधाच्या डेअरीच्या खांबाला गाडी टेकवली आणि त्याच दिवशी चावी खुंटीला लावली. नव्या गाडीत बसायचे, पण कुरकुरत. "हिला आवाजच न्हाई. चालल्यावानी वाटत न्हाई बघ."

गोमटेशनं पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा आप्पा काठी टेकत शेडपर्यंत आले होते. बॉनेटवर हात फिरवून म्हणाले, "चालू झाली तर एकदा बाहुबलीला जाऊन येऊ. तू चालव, मी शेजारी बसतो." एवढंच बोलले. पण त्या एवढ्याशा बोलण्यावर गोमटेशनं दोन वर्षं रात्रंदिवस ग्रीस खाल्लं होतं.

आणि मग मे महिन्यात, जैनांच्या रिवाजाप्रमाणं सूर्य बुडायच्या आधीच्या जेवणाला, आप्पांनी बाँब टाकला.

"औंदा मुनिमहाराजांचा चातुर्मास आपल्या बस्तीत, देवळातच हाय. आषाढातल्या चतुर्दशीला मी त्यांच्याकडनं वाहनत्यागाचा नेम घेणार."

गोमटेशचा घास हातातच राहिला. "म्हंजे?"

"म्हंजे मरस्तवर गाडीत बसायचं न्हाई. पाय नेतील तिथं जायचं."

"आणि बाहुबली?"

"तुझी गाडी त्याच्या आधी झाली तर जाऊ. न्हाई झाली तर न्हाई." आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सहज सांगितलं आणि पाणी प्याले.

नेमाला नको म्हणणार कोण? एकदा महाराजांसमोर हात जोडून घेतला की संपलं. मग गाडी सोन्याची केली तरी आप्पा तिच्यात पाय ठेवणार नाहीत. गोमटेशच्या हातात दीड महिना होता. आणि नेमके तेव्हाच उंदीर लागले.

पहिलं वायरिंग आष्ट्याच्या बाळासोनं करून दिलं. बाळासो म्हणजे स्टँडमागं दुकान असलेला गाड्यांचा वायरमन, हाताला चांगला, तोंडाला फाटका. आठ दिवसांत वायरिंग फस्त. दुसरं केलं, तेही गेलं. बाळासो गाडीखालनं बाहेर आला आणि हसायला लागला.

"आरं गड्या, औषधाची एक वडी टाक. दोन दिसांत खेळ खलास."

"आमच्यात चालत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

"बरं, मग मी टाकतो. पाप मला लागू दे."

"तू टाकलंस आणि मी बघत बसलो, तरी ते मलाच लागतंय."

"लय अवघड हाय गड्या तुमचं," बाळासो म्हणाला, आणि मनातल्या मनात गोमटेशनंही मान डोलावली. अवघडच होतं. दुसरा कुणी असता तर एका रात्रीत मोकळा झाला असता.

मग पिंजरा आला. भाजलेले शेंगदाणे लावायचे, उंदीर सापडला की पिंजरा मोटारसायकलला अडकवून सोडून यायचं. पण सोडायचं कुठं? पलीकडच्या जयराजच्या रानात सोडले तर त्याच्या उसाचं नुकसान. ते कसं करायचं? म्हणून हा शहाणा आपल्याच रानात, विहिरीच्या कडेला, त्यांना सोडून यायचा. वर उरलेले शेंगदाणेही तिथंच ओतायचा, बिचारे उपाशी राहू नयेत म्हणून. रान घरापासून हाकेच्या अंतरावर.

त्यात एक उंदीर अर्ध्या शेपटीचा होता. पहिल्यांदा सापडला तेव्हा गोमटेशला त्याची दया आली. दुसऱ्यांदा सापडला तेव्हा शंका आली. पाचव्यांदा सापडला तेव्हा त्यानं पिंजरा डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "बेण्या, तू सकाळी फिरायला जातोस व्हय रं माझ्या गाडीवरनं?" उंदीर मिश्या हलवत शेंगदाणा खात राहिला.

शालनला हसू आवरेना. "शेंगदाणं खायाला येतंय ते. तुमी रोज ताजं भाजून घालताय की."

"तू गप बस."

तर आता तिसरं वायरिंग गेलं होतं आणि चतुर्दशीला चार दिवस उरले होते. गोमटेश बादलीवरनं उठला, बाळासोला फोन केला आणि म्हणाला, "सगळ्या वायरी लोखंडी जाळीच्या नळीत घाल. दात पडू देत त्यांचे." बोलल्यावर त्यानं लगेच जीभ चावली.

बाळासोनं दोन दिवस खपून काम केलं. त्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी गोमटेशनं चावी फिरवली. घरघर. पुन्हा फिरवली. घरघर. त्याचं कपाळ घामानं थबथबलं. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, शिंकलं आणि चालू झालं! तोच आवाज, पितळी डब्यात चिंचोके हलवल्यासारखा. बाळासोनं शिट्टी घातली. शालन पदराला हात पुसत धावत आली. आप्पा ओट्यावर उभे राहिले होते, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते.

"झाली व्हय?"

"झाली आप्पा! उद्या सकाळी सातला. बाहुबली!"

आप्पा वळून आत गेले. पण त्या रात्री त्यांनी ट्रंकेतलं नवं धोतर स्वतः काढून उशाला ठेवलं, हे शालननं पाहिलं.

सकाळी साडेसहाला गोमटेश शेडमध्ये गेला. मन कसं हलकं होतं. ऑइल एकदा बघून घ्यावं म्हणून बॉनेट उचललं, टॉर्च मारला, आणि त्याचा हात तसाच राहिला.

इंजिनच्या अंगाला, सायलेन्सर सुरू होतो तिथं एक पत्र्याचं झाकण असतं. त्या झाकणाच्या आत, आप्पांच्या सीटसाठी सांगलीहून आणलेल्या स्पंजचे तुकडे आणि पुसायला घेतलेल्या जुन्या धोतराच्या चिंध्या यांचं घरटं होतं. घरट्यात करंगळीच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं वळवळत होती. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. सहा. आणि त्यांच्यावर पसरून, गोमटेशकडं रोखून बघत, अर्ध्या शेपटीचा तो उंदीर होता. म्हणजे ती.

काल इंजिन तापलं होतं. त्या उबेला येऊन रात्रीत व्याली होती.

गाडी चालू केली की तो लोखंडाचा भाग पाच मिनिटांत तव्यासारखा होतो. गोमटेशनं हात पुढं केला, घरटं उचलून बाजूला ठेवावं म्हणून. ती पळाली नाही. थरथरत होती, पण तसूभर हलली नाही. घरटं उचललं तर ही घाबरून जाईल आणि परत येणार नाही, उघड्यावर ही सहा दुपारपर्यंतही टिकणार नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायला नको होतं.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "आजच? आजच, भवाने? वर्षाचं तीनशे पासष्ट दिवस पडल्यात आणि तुला आजच मुहूर्त सापडला?" तो दात आवळून बोलत होता आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं. कुणी बघत नव्हतं. फक्त चावी फिरवायची. बॉनेट पाडायचं, चावी फिरवायची, बापाला शेजारी बसवायचं. आप्पांना काय कळणार होतं?

मागं पाऊल वाजलं. शालन होती. तिनं आत वाकून पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान तिच्यावर ओरडता आलं असतं.

गोमटेशनं बॉनेट हळूच खाली टेकवलं आणि अंगणात आला. आप्पा नवं धोतर नेसून, टोपी घालून, काठी मांडीवर आडवी घेऊन ओट्यावर बसले होते.

"आप्पा, गाडी चालू हुईना."

"काल तर झाली."

"काल झाली. आज हुईना." खोटं बोलताना त्याचा आवाज चिरकला. "नव्या गाडीनं जाऊ की. आत्ता काढतो."

आप्पांनी शेडकडं पाहिलं. "नगं. तिनं कवाबी गेलो असतो." ते उठले, आत गेले आणि धोतर बदलून आले. त्या दिवशी गोमटेश जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बस्तीत आप्पांनी महाराजांसमोर हात जोडून नेम घेतला, तेव्हा तो खांबाआड उभा राहिला.

पुढचे बावीस दिवस तो शेडकडं फिरकला नाही असं म्हणायचा, पण रोज सकाळी तिथं मूठभर शेंगदाणे पडलेले असायचे. तेविसाव्या दिवशी घरटं रिकामं दिसलं. त्यानं चिंध्या काढल्या, झाकण पुसलं आणि चावी फिरवली. अर्ध्या चावीत गाडी चालू झाली. एवढा राग आला त्याला! आता होतीस तू चालू. आता.

तरी त्यानं ती बाहेर काढली. गल्लीच्या वळणावर आप्पा दिसले. अनवाणी, काठी टेकत, बस्तीकडं निघालेले. आवाज ओळखून ते थांबले. गोमटेशनं गाडी त्यांच्या बाजूला आणली. त्यानं काच अर्धी खाली केली.

आप्पांनी खाली केलेल्या काचेवर हात ठेवला. "किती होती रं?"

"काय?"

"पिल्लं. शालननं सांगितलं मला, त्याच दिशी."

"सहा, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडं एकदा पाहिलं, हात तसाच काचेवर ठेवला आणि पुढं पाऊल टाकलं.

"चल. बस्तीपातूर येतो मी तुझ्यासंगं. पहिल्यातच ठेव बघ, दुसऱ्या गिअरात मला जमायचं न्हाई."