कोमट

जावईबापूंना कोमट या शब्दाचाच तिटकारा. सासऱ्यांचा स्वभाव कोमट, असं ते बायकोला रोज ऐकवायचे. त्यामुळे सासरे धाकट्या लेकीकडे निघाले आणि धुलाईखान्याच्या किल्ल्या जावईबापूंच्या हाती आल्या, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. सासरे परतल्यावर किल्ल्या कायमच्या कुणाकडे जाणार, ते ठरायचं होतं: यांच्याकडे, नाहीतर बायकोकडे. तिच्या हाताखाली राबायची नुसती कल्पनाही त्यांना सोसत नव्हती.

पहिल्याच सकाळी इस्पितळाच्या चादरी आल्या, रक्ताच्या डागांसकट. बायकोने बजावलं, पावडर कोमट पाण्यात घाला, चादरी निवांत भिजू द्या. पावडरीतलं एन्झाइम रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. ऊब मिळाली की भराभर, उकळी मिळाली की संपलंच. जावईबापूंनी सोयीचं तेवढं ऐकलं. उबेने भराभर, मग उकळीने किती भराभर, हा हिशोब त्यांना भलताच आवडला.

वाफेचा नळ पुरता उघडला. पाणी खदखदलं आणि लाल डाग तपकिरी होऊन चादरींना असे चिकटले, की जन्मापासून तिथेच असावेत. पावडर कमी पडली म्हणून त्यांनी त्याच उकळत्या पाण्यात आणखी ओतली. ढिम्म. मग पाणी निवू दिलं आणि रुसलेली पावडर मनावर घेईल म्हणून वाट पाहत बसले.

"उकडलेलं अंडं निवलं म्हणून पुन्हा कच्चं होत नाही, अहो," एवढं बोलून बायको इस्त्रीला लागली.

सासरे परतले. ओरडले नाहीत, माणूसच तसला. पावडर भेसळीची, पुरवठादार लबाड, असं जावईबापूंनी लांबण लावलं. सासऱ्यांनी त्याच पिंपातली मूठभर पावडर कोमट पाण्यात टाकली, नव्याने आलेली एक डागाळलेली चादर बुडवली आणि लेकीशी नातवंडांच्या गप्पा मारत बसले. दुपार कलता चादर पिळली, तर डाग शोधावा लागला.

"पावडर चांगली आहे, जावईबापू," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही दाराशी कपडे घ्यायला बसा. तिथे पाणी तापवायचं काम नसतं."

किल्ल्या लेकीने खिशात टाकल्या. संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे चहा ठेवला. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तिच्या खिशाकडे पाहिलं आणि निमूटपणे कप रिकामा केला.