छोट्या खोलीतली जागा

लेकीला फ्रेंच शाळेत घातलं, तेव्हा पॉइंट कुक उपनगरातल्या झाडून साऱ्या मराठी मंडळींना ते कळेल अशी चोख व्यवस्था दीप्तीने केली होती. "अर्धा दिवस सगळं फ्रेंचमध्ये, गणितसुद्धा!" हे वाक्य ती बारशाला, वाढदिवसाला, इतकंच काय, कुणाच्या सांत्वनाला गेली तरी कुठेतरी खुपसायचीच. सहा वर्षांच्या श्रियाला काय वाटतं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

तिचं काहीतरी बिनसलंय, ते शाळेच्या लक्षात आलं. वर्गात श्रिया मिठाची गुळणी धरून बसते, म्हणून फ्रेंच शिकवणाऱ्या मादाम कोलेत तिला, अमीना नावाच्या मुलीला आणि आणखी दोन मुलांना रोज थोडा वेळ एका छोट्या खोलीत नेऊ लागल्या. शाळेला या उपक्रमाचा भारी अभिमान. पालकांच्या सभेत त्याचे रंगीत फोटो दाखवले जायचे. दीप्तीला त्या फोटोंत एकच गोष्ट दिसली, आपली मुलगी कच्च्या मुलांत बसलीय.

"अगं, सपोर्ट आहे तो, शिक्षा नाही. चिल कर ना," नवरा सुजित म्हणाला.

"तू कर चिल. शनिवारी वीणाच्या बार्बेक्यूला सगळ्यांना तोंड मला दाखवायचंय!"

अशातच शाळेचा मेसेज आला. टर्मच्या शेवटी या मुलांची फ्रेंच बोलण्याची छोटीशी तपासणी होईल, ज्यांना जमेल ती पूर्णवेळ वर्गात परत जातील, घरी तयारी करून घेण्याची गरज नाही. गरज नाही म्हणे! असं वाचून स्वस्थ बसेल ती मराठी आई कसली? बाकीच्या आया गुपचूप तयारीला लागल्या असणार, याबद्दल दीप्तीला तिळमात्र शंका नव्हती. तिने त्याच शाळेत मुलगा असलेल्या वीणाला गाठलं, खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की वीणाचा मुलगाही त्या खोलीत वर्षभर जाऊन आला होता. वीणाबाईंनी आजवर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तपासणीत कुठली चित्रं दाखवतात, काय विचारतात, सगळं तिने सांगितलं, वर कुणाला न सांगण्याची शपथही घातली.

मग फ्रिजच्या दारावर चित्रं चिकटली. कुत्रा, छत्री, सफरचंद, आजारी मुलगा. आंघोळीत कुत्रा, नाश्त्याला छत्री, फ्रीवेवर आजारी मुलगा. पूर्ण वाक्य आलं नाही तर टॅब्लेट बंद. श्रियाने बिचारीने सगळं घोकलं आणि तपासणीत एकही चूक केली नाही. मादाम थक्क झाल्या. दीप्ती शाळेत पेढे घेऊन गेली. पिस्ते आहेत आणि ॲलर्जीपायी शाळेत सुक्यामेव्याला बंदी आहे, म्हणून ऑफिसने ते परत केले, पण त्या आनंदात तिने तो अपमानही पचवला.

सोमवारी श्रिया शाळेच्या दारात गाडीतून उतरेना.

"मम्मा, आय वाँट द लिटल रूम."

"अगं वेडाबाई, तू हुशार झालीस आता. तुला कशाला हवी ती खोली?"

"आय टॉक देअर," श्रियाचे डोळे भरून आले. "बिग क्लासमध्ये एव्हरीवन लुक्स ॲट मी. लिटल रूममध्ये अमीना वेट करते, टिल आय फिनिश."

पोर शाळेत बोलत होती. आणि जिथे बोलत होती, तिथूनच आपण तिला हाताला धरून उठवलं. दीप्तीला स्वतःचा इतका राग आला की गाडी आडवीतिडवी लावून ती तडक मदत-विभागाच्या मिस हॅनाकडे गेली आणि सगळं कबूल करून बसली. घोकंपट्टी, फ्रिज, टॅब्लेट, सगळं.

मिस हॅना कौतुकाने ऐकत राहिली. "वॉव! असे पालक आम्हाला फार आवडतात," ती इंग्रजीत म्हणाली. "पण ती जागा आम्ही दुसऱ्या मुलाला दिली. श्रियाचा निकाल इतका सुंदर आहे की आता मला काही करता येणार नाही. पुढच्या टर्मला पुन्हा तपासणी आहे. तेव्हा तिला जमलं नाही, तर नक्की घेऊ. नो वरीज!"

संध्याकाळी दीप्तीने श्रियाला पुन्हा फ्रिजसमोर बसवलं.

"हे बघ राणी, पुढच्या वेळी मादामनी कुत्रा दाखवला की अजिबात बोलायचं नाही. छत्री दाखवली तरी नाही. आपण रोज प्रॅक्टिस करू, हं?"

श्रियाने आईकडे जराशा दयेनेच पाहिलं.

"नो नीड, मम्मा," ती म्हणाली. "दॅट वन आय नो. आय डू इट ऑल डे."