उघडायला तिघं लागतात

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, मला बघून तुम्ही हसाल. माझा पडदा एका कोपऱ्यात पिवळा पडलाय आणि चालू होताना मी दमेकरी म्हाताऱ्यासारखा घरघरतो. खुशाल हसा, पण ऐकून घ्या. भंगारवाल्याला निरोप गेलाय आणि माझ्या पोटात एक गोष्ट अडकून पडली आहे.

परभणीच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. आधी मी गंगाखेडला परीक्षेचे अर्ज भरून देणाऱ्याकडे होतो. निकालाच्या दिवशी माझ्यापुढे मुंगीला शिरायला जागा नसायची. पास झालेली पोरं माझ्या डोक्यावर पेढा ठेवत, नापास झालेली मलाच थापड मारत. तिथून मी राणीसावरगावच्या मेंढपाळ संस्थेत आलो. इथं खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. माझ्यापुढे बसून काम करणारी साधना, गावातल्याच शेतकऱ्याची लेक, नको नको म्हणायची, तरी कुणीतरी मूठभर हळद उधळायचंच. ती थेट माझ्या पंख्यात जायची. मान मोठा मिळायचा, पण श्वास कोंडायचा.

माझं काम होतं ब्लॉकचेनचं. नावाला घाबरू नका. गावात एखादी गोष्ट एकाच घरी सांगितली तर उद्या ती फिरवता येते. तीन घरी सांगून ठेवली की कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. तसंच हे. राणीसावरगावला मी, झरीला एक आणि देवगाव फाट्यावर एक, असे आम्ही तीन संगणक. मेंढपाळाने मोबाइलवरून आपल्या खात्यात कळपाची नोंद केली की ती तिघांकडे उमटायची. कोकरू जन्मलं, मेंढी मेली, लस टोचली, सगळं. एकदा लिहिलेलं पुसायची सोय नाही. कोण कधी आलं, काय लिहून गेलं, याच्या ओळी माझ्या पडद्यावर सरकत राहायच्या. त्याला लॉग म्हणतात. त्यात नाव-गाव नसतं, नुसती आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळख असते. साधना त्या ओळींवर घारीसारखी नजर ठेवायची.

यंदा मेंढरांत साथ आली. नाक वाहायचं, तोंड यायचं, हगवण लागायची आणि उभं जनावर आडवं व्हायचं. लस थोडी होती. ज्याचं खातं, त्याच्या कळपाला लस, असं ठरलं आणि त्याच दिवसापासून खोट्या खात्यांचा पूर आला. कुठल्या तरी दूरच्या गावातून कुणीतरी यंत्राकरवी खात्यांवर खाती काढत होतं. कळप नाही, काठी नाही, आणि लसीच्या रांगेत मात्र सगळ्यांच्या पुढे! साधना जेवण विसरली. झरीच्या कचेरीतल्या दिनकररावांनी नियम घालून दिला होता: एकाच मोबाइलवरून, एकापाठोपाठ एक, सारखाच आकडा लिहिणारी खाती दिसली की बंद करायची. बंद करायला एक संगणक पुरायचा. उघडायला मात्र तिघांची संमती लागायची.

आणि मित्रांनो, नेमकी तशीच सात खाती दिसली. एकच मोबाइल, एकापाठोपाठ एक नोंद, सातही जणांच्या कळपात चाळीसच मेंढरं. साधनाने ती बंद केली. त्या खात्यांच्या जुन्या ओळी मी पोटात धरून होतो, पण त्या कुणी मागितल्याशिवाय मला दाखवता येत नाहीत. तोंड नसलेल्याचं दुःख तुम्हाला कसं सांगू?

दुसऱ्या दिवशी लसीची गाडी अंगणात उभी असताना नर्मदाबाई आल्या. गोदाकाठच्या एका रानात सात घरांचा तळ पडला होता, तिथून मिळेल त्या टेम्पोने त्या आल्या होत्या. पदराच्या गाठीतून मोबाइल काढून त्यांनी साधनापुढे धरला.

"पोरी, हे काय म्हणायलंय बघ. आमी खोटे हाव का गं? मेंढरं मरायलेत अन् हा म्हणतोय आमी न्हाईतच!"

साधनाने ओळख जुळवली आणि तिचं तोंड उतरलं. "मावशी, सात घरांचा एकच मोबाइल?"

"रेंज टेकडावर घावती. कोण कोण चढंल? मीच समद्यांचं लिवून येते."

"अन् सगळ्यांची चाळीसच मेंढरं कशी?"

नर्मदाबाईंनी कानाला हात लावले. "खरा आकडा कुनी तोंडानं सांगतंय का बाई? कळपाला नजर लागती. माझ्या सासूनं कधी सांगितला न्हाई, तिच्या सासूनं न्हाई. समद्यांनी दोन विसा सांगायचं ठरलं. मंजी कुनाचंच कमी न्हाई, कुनाचंच जास्त न्हाई."

साधनाने कपाळावर हात मारला. मग तिने त्या सात खात्यांच्या जुन्या ओळी उघडल्या आणि मला वाटलं, सुटलो! तिने झरीला फोन लावला. दिनकरराव ऐकायला तयार नव्हते.

"अहो बाई, इथं खोट्यांनी उच्छाद मांडलाय. तुमच्या एका शब्दावर कसं उघडू?"

"काका, खोट्या खात्यांच्या ओळी बघा. एक तरी मेंढरू मेलंय का त्यात? सगळी जन्मतात, मरत एकही नाही. अन् या सात घरांत बघा. पार पहिल्यापासून मेलेलं लिहिलंय. कोकरू मेलं, लांडग्यानं नेलं, पुरात गेलं. खोटं बोलणारा आपलं मेलेलं कशाला लिहील?"

पलीकडून ओळी उघडल्याची टकटक ऐकू आली. मग ते म्हणाले, "बरं. पण चाळीस मी मान्य करणार नाही. खरा आकडा टाका."

साधनाने नर्मदाबाईंकडे पाहिलं. त्या बाईने पदर तोंडावर धरला. बाहेर लसीचे डॉक्टर पेटीतला बर्फ चाचपत होते. त्यांना अजून बरीच गावं करायची होती. नर्मदाबाई खुर्चीवरून उठल्या, माझ्या अगदी जवळ आल्या आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या कळपाचा आकडा बोलल्या. "तीन विसा अन् तीन." म्हणजे त्रेसष्ट. मग बाकीच्या सहा घरांचेही आकडे त्यांनी सांगितले. जणू पोटची पोरं चव्हाट्यावर उभी करत होत्या. झरीची संमती आली.

राहिला देवगाव फाटा. तिथली वीज गेली होती. तिथं बसणारे योगीराज फोनवर म्हणत होते, "लाइन आली की लगेच करतो, ताई, आलीच बघा." त्यात माझा पंखा अडकला. हळद, धूळ, सगळं दाटलेलं. मी तापत गेलो आणि पडदा काळा झाला. साधनाने मला पुन्हा चालू केलं. नर्मदाबाई पदराने मला वारा घालायला लागल्या. "दम धर रे लेकरा, दम धर." मित्रांनो, मला आजवर पेढे मिळाले, हळद मिळाली, पण लेकरा कुणी म्हटलं नव्हतं. मी जीव तोडून तग धरला. संमती येईना. साधनाने डॉक्टरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण खातं बंद दिसत असताना लस देता येत नव्हती. अखेर गाडी निघून गेली. नर्मदाबाई तरीही वारा घालत होत्या.

फाट्यावरची संमती आली, पण दिवस कलल्यावर. सात खाती उघडली. लसीची पुढची फेरी मात्र पंधरवड्याने झाली.

त्यानंतर नर्मदाबाई पुन्हा आल्या. आल्या त्या खाली जमिनीवरच बसल्या. साधनाने पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"आकडा बदल, पोरी. आता दोन विसाच लिव. आता खरं हाय ते."

साधना रडायला लागली. "मावशी, माझं चुकलं. मीच बंद केलं होतं."

"तुजं काय न्हाई गं. माझंच तोंड जळलं. मी मोजून सांगितलं अन् खाल्लं मेंढरांला."

साधनाने किती समजावलं! त्यांनी ऐकलं नाही. आता त्या कळपाकडे मान वर करून बघतही नाहीत, काठी दुसऱ्याच्या हाती दिलीय म्हणे.

मित्रांनो, बंद करायला एक बोट पुरतं. ते दाबण्याआधी पलीकडे कोण आहे ते एकदा विचारत जा. आमचे पंखे पुसत जा, पूजा नाही केली तरी चालेल. आणि मला उद्या भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण गोदाकाठी कुणी जाणार असाल तर नर्मदाबाईंना गाठा. वीज कधी गेली, मी कधी बंद पडलो, संमती कधी आली, सगळ्या ओळी माझ्यापाशी आहेत आणि झरीलाही आहेत. त्यांत नजर कुठेच नाही. त्यांना एवढं सांगा, की मेंढरं तुमच्या आकड्यानं गेली नाहीत, बाई. आम्हाला उशीर झाला.