रंगुबाईचं चूलबंद आवतण

आमच्या बेलजाईवाडीला स्वतःचं परराष्ट्र धोरण आहे, हे दिल्लीला ठाऊक नाही. त्या लोकांना कामं फार असतात. आमचं तसं नाही. तासगावच्या पूर्वेला एसटी जिथं कंटाळून माघारी वळते, तिथून पुढं आमचं गाव. गावाभोवती द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड. बेदाणा परदेशात जातो, म्हणून आम्हाला जगाची काळजी करावी लागते. गटार तुंबलं तर आम्ही सवडीनं बघतो. पण कुणी बेदाण्यावर कर वाढवला म्हणताच पारावर उभं राहायला जागा मिळत नाही.

तर एका शेजारच्या देशानं असाच कर वाढवला. देशाचं नाव मी सांगत नाही. मागं एकदा चुकून सांगितलं, तर दोन वकिलातींमधून मला फोन आले. नशीब, फोन बंद होता.

नेमकी त्याच हंगामात सरपंचपदाची निवडणूक लागली. एका बाजूला नानासो. बागायतदार, भावकीचा पुढारी, आवाज असा की भाषण सुरू झालं की शेडमधल्या जाळीवरचा बेदाणा आपोआप पलटतो. दुसऱ्या बाजूला चंदनबाला वहिनी, बेदाण्याचे व्यापारी बाळगोंडा यांच्या मंडळी. बोलणं हळू, पण समोरचा पुढं सरकून ऐकतो.

तेवढ्यात त्या देशात महापूर आला. वहिनींनी सभेत सांगितलं की आपण गावातून पूरग्रस्तांना बेदाणा पाठवू. कर सरकारनं लावलाय, पाण्यात घरं गेली ती गरिबांची. नानासोनं दुसऱ्या दिवशी त्याच पारावर जाहीर केलं की जो देश आपल्या मालावर कर लावतो, त्या देशाच्या माणसाला या गावातून बेदाण्याचा दाणा नाही आणि भाकरीचा तुकडाही नाही. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. आमचं गाव टाळ्यांच्या बाबतीत अलिप्त राष्ट्र आहे.

या सगळ्यात रंगुबाई कुणाच्याच सभेला नव्हती. ती घरात फोन मांडीवर घेऊन बसली होती. तिचा मुलगा सूरज त्याच देशात गलाईचं काम करतो. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची. आमच्याकडची पोरं हे काम घेऊन कुठं पोचली नाहीत ते विचारा. चंद्रावर पहिलं यान उतरलं तेव्हा तिथं आटपाडीचा एक जण भट्टी पेटवून बसलेला होता, असं मी सांगतो आणि आटपाडीचे लोक नाही म्हणत नाहीत.

सूरजचा फोन लागत नव्हता. सून राणी साताऱ्याची, ती देवापुढचा दिवा विझू देत नव्हती. आणि एका सकाळी फोन वाजला. पोरगा जिवंत होता. दुकान, भट्टी सगळं वाहून गेलं होतं. पण त्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याला हाताला धरून माडीवर ओढून घेतलं, आणि पाणी उतरेपर्यंत गल्लीतल्या घरांनी आळीपाळीनं त्याला जेवू घातलं. त्यांच्याकडंच धड उरलं नव्हतं, तरी.

रंगुबाई आधी रडली, मग म्हणाली, "त्या समद्यास्नी सांग, माझं चूलबंद आवतण हाय. आक्क्या गल्लीला."

चूलबंद म्हणजे घरातली लहानथोर सगळी माणसं जेवायला, त्या दिवशी त्या घराची चूल पेटायची नाही. आमच्याकडं यापेक्षा मोठं आवतण नाही आणि ते देऊन कुणी मागं घेत नाही. सूरजनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आता आपल्याकडं "या एकदा घरी" म्हटलं की माणूस "येतो की" म्हणतो आणि येत नाही. ते लोक वेगळे निघाले. त्यांनी विचारलं, कधी?

मतदानाला चार दिवस राहिले असताना सूरज गावात आला आणि त्याच्या मागं दोन जीपगाड्या. म्हातारा, म्हातारी, लेकी, सुना, कडेवरची पोरं. कागदपत्रं कशी झाली ते मला विचारू नका, विचारलंत तर मी सांगेन आणि तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

एवढी मोठी पंगत उठवायची तर आमच्यात रीत ठरलेली आहे. भावकीतल्या बायका आपापल्या घरी पीठ मळतात आणि भाकऱ्यांच्या दुरड्या घेऊन येतात. पण भावकीचा पुढारी नानासो, आणि रंगुबाई त्याची सख्खी चुलती. तो येऊन उंबऱ्यावर बसला. तोंड उतरलेलं.

"काकी, भाकरीचा तुकडा न्हाई म्हून माइकवर बोललोय. आता भावकीतनं दुरड्या आल्या तर मला गावात तोंड दावाय जागा ऱ्हायची न्हाई."

रंगुबाईचं माहेर कुंडल, इंग्रजांशी भांडलेलं गाव, पण ती भांडली नाही. "तू तुजा शब्द पाळ," म्हणाली. "मी माजा पाळती."

चंदनबाला वहिनींनी निरोप धाडला की पीठ, डाळ, जे लागेल ते पाठवते. पण निवडणुकीत उमेदवारानं जेवण घालायचं नसतं. रंगुबाईनं तेही नम्रपणे परत केलं. मग काय, ती आणि राणी पहाटे उठल्या आणि थापायला बसल्या. दुपारी मी डोकावलो तर भाकऱ्यांची चवड एवढी उंच की वरच्या भाकरीला वारा लागून ती गार झाली होती आणि खालची अजून तव्यावर असल्यासारखी चटके देत होती.

चंदनबाला वहिनी जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून पंगत ऊन असतानाच धरली, त्या आल्याच तर अडचण नको. अंगणात पाहुणे बसले. पानं वाढली. पिठलं, ठेचा, बेदाणा घातलेला शिरा. सगळं गाव कुंपणाबाहेर उभं, आणि तेवढ्यात निवडणुकीच्या भरारी पथकाची गाडी आली.

साहेब तरुण होता, पण समजूतदार. त्यानं विचारलं, ही जेवणावळ कुणाची. मी पुढं होऊन सांगितलं की ही आंतरराष्ट्रीय परिषद आहे. त्यानं मला बाजूला केलं आणि रंगुबाईकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की पाहुणे इथले मतदार नाहीत, त्यांनी पोटभर जेवावं. मात्र मतदारांना जेवू घातलेलं दिसलं तर त्याला कारवाई करावी लागेल, कारण रंगुबाईचा पुतण्या उमेदवार आहे.

सूरजनं हे पाहुण्यांना समजावलं. म्हाताऱ्यानं घासाला घातलेला हात मागं घेतला. मग तो काही बोलला, आणि सूरज खाली बघत म्हणाला, "आई, ते म्हणत्यात, आमच्यात घरचं माणूस बसल्याबिगर पावना जेवत न्हाई. तू, राणी, ही बाहेर हुबी असल्याली माणसं, समदी बसू देत."

रंगुबाई तिथंच उभी राहिली. ज्यांनी तिच्या पोराला जगवलं, ती माणसं तिच्या अंगणात भरल्या पानावर उपाशी बसली होती. गावाला बसवावं तर कायदा आड, न बसवावं तर आवतण फुकट. शिरा गार होत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एकही थाप सुचली नाही.

गर्दीतून नानासो बाहेर पडला आणि घराकडं निघाला. लोकांना वाटलं, रागानं गेला. जरा वेळानं परत आला तो काखेत फडकं. त्यानं कुणाला न विचारता म्हाताऱ्याच्या शेजारी बैठक मारली, फडकं सोडलं. आत त्याच्या घरची भाकरी आणि कांदा.

"सायब," तो म्हणाला, "मी माज्या घरची भाकरी खातुया. ह्यात कुणाचं काय मोडतंय का?"

साहेबानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि सांगितलं की स्वतःची भाकरी कुठंही बसून खाता येते.

मग जे झालं ते मी वाढवून सांगत नाही, वाढवायची गरजच नाही. गाव घराकडं पळालं आणि फडकी, डबे, टोपल्या घेऊन माघारी आलं. अंगण पुरेना म्हणून पंगत रस्त्यावर गेली. चंदनबाला वहिनी दशम्या घेऊन आल्या आणि नानासोच्या समोरच्या ओळीत बसल्या. साहेबही डबा आणतो म्हणून गाडीकडं गेला.

म्हाताऱ्यानं नानासोच्या फडक्यातल्या भाकरीकडं बघितलं. नानासोनं ती मोडली आणि अर्धी त्याच्या पानात ठेवली.

वहिनी हळूच म्हणाल्या, "नानासो भाऊजी, अर्धी भाकरी परदेशात गेली बघा."

"जाऊ द्या वैनी," नानासो म्हणाला. "मदत म्हून दिल्याली न्हाई ती. माज्या भावाला ज्यानं पाण्यातनं वडला, त्येला मी काय देणार?"

त्यावर माइक नव्हता, म्हणून आवाज फार लांब गेला नाही. पण ज्यांनी ऐकलं त्यांनीही टाळी वाजवली नाही, सगळे जेवत राहिले.

निवडणूक वहिनी जिंकल्या, थोड्या मतांनी. नानासो सांगत फिरतो की त्याच्या पराभवात परदेशी हात होता. सांगताना हसतो. बेदाण्याच्या पहिल्या पेट्या पुराच्या गावाला गेल्या, तेव्हा त्याच्याच ट्रॅक्टरवर चढल्या.

पण त्या दुपारचं एक राहिलं. सगळ्या पाहुण्यांना वाढून झाल्यावर रंगुबाई शेवटी म्हातारीशेजारी टेकली. सकाळपासून तव्यापुढं बसून तिचे हात लाल झाले होते. सूरज दुभाष्या म्हणून मागं उभाच होता. रंगुबाईनं म्हातारीकडं बघितलं.

"सूरज, त्यास्नी म्हण..." आणि तिला पुढं बोलता येईना.

म्हातारीनं तिचा भाजलेला हात आपल्या हातात धरला, दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि लहान पोरीला भरवावा तसा रंगुबाईच्या तोंडाशी नेला. रंगुबाईनं घास घेतला. सूरज जाऊन आपल्या पानावर बसला.