मधली चौकट

“पिशवी उंबऱ्याच्या आत घेऊ नको गो,” सासूबाईंनी आतूनच बजावलं, आणि सरोजिनीने पुढे केलेला हात तिथेच थांबला.

दाराबाहेर क्लारा उभी होती. नंदाखालहून ती सकाळी सकाळीच निघाली असणार. हातातल्या कापडी पिशवीचं तोंड नाडीने घट्ट बांधलेलं होतं. खाली रस्त्यावर तिचा नवरा बॅप्टिस्ट स्कूटर बंद न करताच थांबला होता. सासूबाईंचं बोलणं तिच्या कानावर गेलं असेलच, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

“सात शर्ट आहेत आलोशियसचे,” ती म्हणाली. “निळ्या चौकड्यांचा आहे, तो मधे लावा. बरोब्बर मधे. म्हनजे पांघरल्यावर छातीशी धरता येईल.”

“आत या ना. चहा टाकते.”

“नको, ते खाली थांबलेत.”

तिला आणखी काही सांगायचं होतं. ओठ हलले, पण शब्द काही बाहेर येईना. खालून हॉर्न वाजला, तशी ती पिशवी सरोजिनीच्या हातात देऊन जिना उतरली.

सरोजिनीचं हे गोधड्यांचं वेड विरारच्या मनवेलपाड्यातल्या त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होतं. परळच्या चाळीतलं बिऱ्हाड हलवून ते इथे आले त्याला आठ वर्षं झाली होती. नवरा जयवंत कामावर आणि मुलगी क्षितिजा शाळेत गेली, की जेवणखाण उरकून ती खिडकीशी पायमशीनवर बसायची. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून धावदोरा, एवढंच लोकांना ठाऊक. सरोजिनी आधी क्षितिजाच्या आलेखवहीत चित्र काढायची. त्रिकोण, पायऱ्या, एकात एक बसवलेले चौकोन. मग पुठ्ठ्याचे साचे कापायची, आणि कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी खुलेल यावर चार चार दिवस घालवायची. “वहिनी, ही पांघरायची की पाठ करायची?” असं शेजारणी विचारत. हिला चित्रकला शिकू द्या, असं सरोजिनी शाळेत असताना तिच्या बाईंनी एकदा घरी येऊन सांगितलं होतं. वडिलांनी बाईंना चहा पाजला आणि वर्षभरात हिचं लग्न लावून दिलं. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, पण तुकडे पसरून बसली की तिला हाक ऐकू यायची नाही.

नोव्हेंबरात वसईच्या एका शाळेत बायकांनी प्रदर्शन भरवलं होतं. तिथे तिच्या गोधडीसमोर क्लारा बराच वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, “शर्टांची होईल का अशी?” मग तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, तिने सगळं सांगितलं. मुलगा चोवीस वर्षांचा. जुलैत मित्रांबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. शवपेटी घरी आली ती बंदच आली, आणि उघडू नका असं सगळ्यांनी बजावलं, म्हणून तशीच पुरली. क्लारा हे सांगत होती ते दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगावं तसं. फेब्रुवारीत त्याचा पंचविसावा वाढदिवस येत होता. त्या दिवशी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्याच्यासाठी प्रार्थनेचा मिस्सा ठेवायचा आणि त्याच्या खाटेवर ही गोधडी घालायची, असं तिच्या मनात होतं. सरोजिनीला नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

“अगो, गेलेल्या माणसाचे कपडे ते,” सासूबाई आता बाहेर आल्या होत्या. “पाण्यातून काढल्याशिवाय घरात फिरवायचे नाहीत. आपल्यात चालत नाही.”

“धुणारच आहे, आई. जुनं कापड मी कधी धुतल्याशिवाय कापते का?”

हे खरंच होतं. जुन्या कापडातली खळ जायला हवी, आटायचं ते आधीच आटायला हवं, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडी चोळामोळा होते. ती पिशवी तशीच मोरीत घेऊन गेली. सहा शर्ट इस्त्रीचे होते, नीट घडी घातलेले, डांबरगोळ्यांचा वास येत होता. सातवा, निळ्या चौकड्यांचा, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. चुरगळलेला, कॉलर मळलेली, घामट. बिचारीला हा धुवायचंसुद्धा बळ उरलं नसेल असं सरोजिनीला वाटलं, आणि तिचा जीव कळवळला. म्हणून तो शर्ट तिने बाकीच्यांपेक्षा जास्त मायेने धुतला. चौकड्यांचा रंग फुटू नये म्हणून पिंपातल्या गार पाण्यात भिजवला, कॉलर मऊ ब्रशने घासली, दोनदा पाणी बदलून खळबळला आणि गॅलरीत सावलीला टाकला. जानेवारीतली सकाळ. बोटं पार बधिर झाली होती. पण काम मनासारखं झालं होतं.

चारच्या सुमाराला फोन आला. क्लाराचा होता.

“सकाळी सांगायचं राहिलं,” ती म्हणाली. “तिथं तोंडातून शब्दच निघेना. तो निळा शर्ट आहे ना, तो धुऊ नका हां. बाकीचे धुवा खुशाल. तो त्याने धबधब्यावर खडकावर काढून ठेवलेला. पोरांनी आनून दिला. त्याला पानी लागलेलं नाही.”

सरोजिनी रिसीव्हर घेऊन पुढे सरकली. फोनची वायर जेमतेम गॅलरीच्या दारापर्यंत पोचायची. तिथून दोरीवरचा शर्ट दिसत होता.

“अजून त्याचा वास आहे त्याला,” क्लारा सांगत होती. “रोज सकाळी मी पिशवी उघडते. जास्त वेळ नाही उघडी ठेवत, उडून जाईल म्हनून. तो मधे लावलात ना, की रोज उघडझाक करायला नको. लक्षात ठेवाल ना?”

“बरं,” सरोजिनी म्हणाली.

का म्हणाली, ते तिला पुढे कितीदा विचार करूनही सांगता आलं नाही. फोन ठेवून ती गॅलरीत गेली, शर्ट दोरीवरून ओढला आणि त्यात तोंड घातलं. कॉलरीला, काखेत, खिशात, सगळीकडे तिने वास घेऊन पाहिला. सगळीकडे साबणाच्या पावडरीचाच वास होता. ती तिथेच खाली बसली आणि तिला रडू आलं.

सासूबाईंना तिने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी सांगितलं म्हणून धुतलेस तू.”

“नाही, आई. तुम्ही सांगितलं नसतं तरी धुतलाच असता मी.”

“मग आता बोलू नको तिला काही. आई आहे ती. तिला येईल वास, तू बघ.”

जयवंतने जेवता जेवता ऐकून घेतलं. “फोन करून सांगून टाक,” एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने फोन केलाही. पलीकडून क्लाराचा आवाज आला, आणि हिने फोन खाली ठेवला. त्यानंतर पुन्हा फोन लावायचा धीर झाला नाही.

मग तिने स्वतःला कामात गाडून घेतलं. आलेखवहीतलं आधीचं चित्र खोडून नवं काढलं. निळा शर्ट तिने कापला तो अगदी थोडा. पुढची बाजू, खिसा आणि बटणपट्टी अख्खी ठेवून एक मोठी चौकट केली, आणि बाकीच्या सहा शर्टांच्या पट्ट्या तिच्याभोवती पायऱ्यापायऱ्यांनी बसवल्या. आधी पांढऱ्या, मग राखाडी, मग कडेला गडद तपकिरी. मधल्या चौकटीला मशीन लावायचा तिला धीर झाला नाही. तिथे तिने हाताने धावदोरा घातला, बारीक, एकसारखा. वीस दिवस ती वाकून बसली होती. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं वाटू लागलं. इतकी देखणी गोधडी तिच्या हातून आजवर झाली नव्हती. चेष्टा करणाऱ्या शेजारणीसुद्धा ती बघून गप्प झाल्या. आणि जितकं काम चांगलं होत गेलं तितकी तिला स्वतःची जास्तच लाज वाटत गेली.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी ती विरारहून एसटीने नंदाखालला गेली. वाटेत तिने मनाशी पक्कं केलं होतं. गोधडी हातात द्यायच्या आधी सांगायचं. फोनवर एकदा खोटं बोलले ते बस झालं, आज एकही शब्द खोटा बोलायचा नाही.

पण क्लारा ओटीवर वाटच बघत होती. तिने काही बोलूच दिलं नाही. हाताला धरून आत नेलं, मुलाच्या खोलीत. खाट, भिंतीवर त्याचा फोटो, फोटोपुढे मेणबत्ती. मागे वाडीत पाण्याचा पंप चालू होता. बॅप्टिस्ट तिकडेच होता, केळींना पाणी सोडत. क्लाराने घाईघाईने गाठ सोडली आणि गोधडी खाटेवर पसरली.

“किती छान केलीत,” ती म्हणाली. एकेका पट्टीवर बोट ठेवून ती ओळखू लागली. “हा पहिल्या नोकरीचा. हा सालोमीच्या लग्नातला.” सालोमी तिची थोरली मुलगी. मग ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने मधल्या चौकटीत तोंड खुपसलं.

ती तशीच राहिली. सरोजिनी उभी होती. सासूबाईंचं बोलणं खरं होऊ दे, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. येऊ दे हिला वास, कुठूनही येऊ दे. क्लाराने तोंड जरा वर घेतलं, खिसा बोटांनी उघडला, पुन्हा वास घेतला.

“नाही येत,” ती म्हणाली.

क्लाराने खिसा पुन्हा सारखा केला.

“मीच विसरले,” क्लारा हळूच म्हणाली. “सात महिन्यांत विसरले बघा. वास असनार तिथंच, कुठं जाईल? माझ्या नाकालाच कळेना झालाय. कसली आई मी.”

आता गप्प बसलं तर ही बाई जन्मभर स्वतःलाच दोष देत राहील, हे सरोजिनीला लख्ख दिसलं.

“क्लाराताई, मी धुतला तो,” ती म्हणाली. “त्याच दिवशी सकाळी. तुमचा फोन आला तेव्हा दोरीवर होता. मी बरं म्हणाले ते खोटं होतं.”

क्लाराने वळून तिच्याकडे पाहिलं. तिला नीट कळलं नसावं.

“साबनाने?”

“हो. पावडर होती. कॉलर मळलेली होती, ब्रशने घासली.”

क्लाराने शिव्या दिल्या असत्या, चालती हो म्हणाली असती, तर सरोजिनीला सोसलं असतं. पण ती पुन्हा गोधडीकडे वळली आणि बटणपट्टीवरून बोट फिरवू लागली. एक बटण, दुसरं बटण. पंप बंद झाला, तसं घर एकदम शांत झालं.

“हातानेच धुतलात?” तिने मान वर न करता विचारलं.

“हातानेच.”

“आपटला नाही ना?”

“नाही हो. हळूच चोळला.”

“आमच्यात आंघोळ घालतात,” क्लारा म्हणाली. “आंघोळ घालून नवे कपडे घालून मग पेटीत ठेवतात. त्याचा सूट मी इस्त्री करून ठेवलेला. पन मला हात लावू दिला नाही कोनी. बघवनार नाही म्हनाले.”

सरोजिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. क्लाराचे डोळे कोरडे होते. ती कशाचा तरी विचार करत होती.

“पानी कसलं होतं?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“गार होतं का? त्याला गार पानी कधी सोसलं नाही. मे महिन्यात पन आंघोळीला ऊन पानी लागायचं. मी चिडवायची त्याला. तिथं कसा उतरला, कोन जाने.”

पिंपातल्या त्या पाण्याने बोटं कशी बधिर झाली होती, ते सरोजिनीला आठवलं. दोनदा पाणी बदललं होतं, ते दोन्ही वेळा तसंच गार होतं. क्लारा तिच्याकडे बघत होती, अगदी टक लावून.

“कोमट होतं,” सरोजिनी म्हणाली. “तापवून घेतलं होतं मी.”

क्लाराने मान हलवली. मग ती उठली आणि गोधडीची घडी घालू लागली. गोधडी मोठी होती, एकटीला आवरेना, तशी सरोजिनीने न सांगताच दुसऱ्या बाजूची टोकं उचलली.